चंद्रप्रकाश घाडींची पाठ

नाहूरला, स्टेशनच्या पश्चिमेकडे एका पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये चंद्रप्रकाश घाडी राहायचे. त्यांना सगळे ओळखायचे, ते मात्र कुणाला पटकन ओळखू शकायचे नाहीत. त्यांची मानच वर होत नसे. पाठ कमरेपासून अशी पुढे वाकलेली की हनुवटी छातीला टेकायला आलेली. रस्त्याने चालताना समोरून येणाऱ्याचे गुडघे तेवढे दिसायचे, त्याच्या वरचा माणूस नाही. कुणी "काय घाडी, बरं ना?" म्हणून विचारलं की ते थांबायचे, सगळं अंग तिरकं करायचे आणि डोळे कपाळाकडे चढवून वर बघायचे. तोवर विचारणारा पुढे निघून गेलेला असायचा.

हाच माणूस तरुणपणी कंपनीच्या व्हॉलीबॉल टीममध्ये नेटजवळ उभा राहायचा. भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. वडील गिरणीत, मूळ गाव कणकवलीच्या बाजूला. उंच, सडपातळ. लग्नाच्या फोटोत रत्नप्रभा त्यांच्या खांद्यालाही लागत नाही.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत पाठ धरायला लागली. सकाळी अंगाचं लाकूड व्हायचं, बायको दोन्ही हात धरून उठवायची. दुपारपर्यंत सगळं मोकळं व्हायचं, म्हणून कुणाचा विश्वास बसायचा नाही. सुपरवायझर म्हणायचा, "सकाळच्या पाळीलाच बरी दुखते रे तुझी पाठ." कुणी तेल चोळलं, कुणी पट्टा बांधला, कुणी पायांना वजनं लटकवून झोपवलं. अशी वर्षं गेली. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. मणके एकमेकांना जुळून गेले होते, वेळूच्या काठीसारखे.

"लवकर आला असतात तर वाकणं तरी थांबवता आलं असतं," डॉक्टर म्हणाले.

"लवकर म्हणजे कधी?" चंद्रप्रकाशनी विचारलं. "मी तर पयल्यापासून फिरतंय."

ऑपरेशनचा विषय तेव्हाही निघाला होता, पण त्यात पाय जाऊ शकतात हे ऐकल्यावर रत्नप्रभाने तो तिथेच बंद केला.

पुढे कारखाना बंद पडला. ते घरी बसून बल्बचे होल्डर जोडायला लागले. खाली बघत करायचं काम, त्यामुळे जमायचं. दाढी करताना आरसा टेबलावर आडवा ठेवायचे, टीव्ही कुशीवर पडून बघायचे. पाठीवर झोपणं तर कधीच सुटलं होतं. बायकोचा चेहरा ती जमिनीवर भाजी निवडत बसली असली तरच दिसायचा. मुलगी अक्षता ह्याच वडिलांना बघत मोठी झाली, त्यामुळे घरात तिला त्यांचं काही वेगळं वाटायचं नाही. शाळेच्या पालकसभेला मात्र ती आईलाच न्यायची. चंद्रप्रकाशनी त्याबद्दल तिला कधी विचारलं नाही.

अक्षताने घाटकोपरला ॲनिमेशनचा कोर्स केला. तिला सिनेमातली पात्रं हलवायची होती. नोकरी मिळाली ती मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली खोक्यांची छपाई चालायची, तिची धडधड वर खुर्चीत जाणवायची.

तिथलं काम असं होतं. एका गोल चौकटीवर चहूबाजूंनी कॅमेरे लावलेले. मधे माणूस उभा करायचा, सगळ्या कॅमेऱ्यांनी एकदम फोटो घ्यायचे, आणि त्या फोटोंवरून कॉम्प्युटर त्या माणसाचं अख्खं शरीर तयार करायचा. स्क्रीनवर ते पुतळ्यासारखं हवं तसं फिरवून बघता यायचं. पण ती नुसती साल असायची. आत हाड नाही, मांस नाही, सगळं पोकळ. तो माणूस चालवायचा, बसवायचा, तर आधी त्याच्या आत सांधे ठेवायला लागतात. खांदा कुठे, कोपर कुठे, खुबा कुठे, गुडघा कुठे, ते एकेक ठिपक्याने दाखवायचं. अक्षता दिवसभर हे ठिपके ठेवायची.

सांधा कातडीवर नसतो, आत असतो. समोरून अगदी बरोबर ठेवलेला ठिपका मॉडेल बाजूला फिरवलं की पोटाबाहेर लोंबताना दिसायचा. मग त्याला आत ढकलायचं, पुन्हा समोरून बघायचं. गुडघा, मनगट सोपं. खांद्याला वेळ लागायचा. खुबा सगळ्यात वाईट, जाड माणसांचा तर अंदाजानेच.

"दिवसभर लोकांचे खुबे शोधते म्हणून सांगू काय गं घरी?" शेजारच्या खुर्चीवरची सेलिना म्हणायची. ती मरोळ गावठाणातली, तोंडाने फटकळ. "माझी ऑलिव्ह आंटी चर्चमधे सगळ्यांना सांगते, सेलिना कॉम्प्युटर इंजिनीअर आहे."

त्यांनी ठेवलेले ठिपके बघून एक प्रोग्रॅम शिकत होता. शिकून झाला की तो आपले आपण सांधे शोधणार होता. ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांना तो हवा होता, गेम बनवणाऱ्यांना हवा होता. तरण्या, धडधाकट शरीरांवर तो चांगला चालायला लागला होता, पण म्हातारी माणसं आली की गडबडायचा. बाहेरच्या क्लायंटने तक्रार केली तेव्हा टीमचा प्रमुख नितेश सगळ्यांना म्हणाला, "घरातली सीनिअर मंडळी आणा यार. आई, आजी, काका, कोणी पण. चहा-नाश्ता देऊ, गाडीभाडं देऊ."

सेलिनाने ऑलिव्ह आंटीला आणलं. अक्षताकडे नितेशने एकदा बघितलं आणि विषय बदलला. त्याने तिच्या पप्पांना मुलुंडला एका लग्नात पाहिलं होतं. त्याच्या त्या गप्प बसण्याचाच तिला राग आला. घरी जेवताना तिने तो बोलून दाखवला.

"बोलायचं तरी ना. डायरेक्ट तोंड फिरवलं."

चंद्रप्रकाश ताटावर वाकून जेवत होते. "मी इलंय तर चलात काय थय?" त्यांनी विचारलं.

"पप्पा, सोडा ना."

"नाय, माका बघूचा हा. तू सांधे जोडतंस म्हणतंस. मी पण जन्मभर जोडलंय. लोखंडाचे."

"जोडत नाही, दाखवते फक्त."

"मगे दाखव."

रत्नप्रभा म्हणाली, "कित्याक जातात? लोक बघत बसतले."

"बघूदेत. आता काय नवीन बघतले?"

एका शनिवारी अक्षता त्यांना रिक्षाने घेऊन गेली. पवईच्या बाजूने जाताना उंच उंच इमारती आल्या. ती सांगत राहिली, हे बघा, हे बघा. त्यांना रिक्षाचा पत्रा आणि स्वतःच्या चपला दिसत होत्या. ते हुं हुं करत होते.

कॅमेऱ्यांचं काम आकाश बघायचा. त्याने त्यांना आत नेऊन अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायला मदत केली, डोक्यावर टोपी चढवली, जमिनीवरच्या खुणांवर पाय ठेवायला लावले. मग चौकटीबाहेर जाऊन सवयीने म्हणाला, "काका, मान वर, समोर बघा."

आकाशच्या लक्षात आलं तसा त्याचा चेहरा पडला.

"जमेल तसे उभे राहा काका," नितेश म्हणाला.

"मी उभोच आसंय रे," चंद्रप्रकाश म्हणाले.

दिवे लखकन् पेटले आणि विझले.

शरीर स्क्रीनवर यायला वेळ लागला. तोवर त्यांना चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला, कारण कप तोंडाला लावायला मान मागे न्यावी लागते. मग खुर्ची बाजूने लावून त्यांना तिरकं बसवलं, म्हणजे डोळ्यांच्या कोपऱ्यातून स्क्रीन दिसेल. स्क्रीनवर एक राखाडी म्हातारा वाकून उभा होता. गळ्याखाली आणि पोटाच्या घडीत काळी भोकं होती, कॅमेरे तिथे पोचलेच नव्हते.

"आधी प्रोग्रॅम काय म्हणतो बघू," नितेश म्हणाला आणि बटण दाबलं.

प्रोग्रॅमने पाय बरोबर दाखवले. गुडघे बरोबर. कमरेपासून पुढे मात्र त्याने ठिपक्यांची रांग सरळ वर नेली. ती पाठीतून बाहेर पडून हवेत गेली. मानेचा ठिपका रिकाम्या जागेत, डोक्याचा त्याच्याही वर. मागे उभा असलेला कोणीतरी हसला आणि लगेच थांबला.

"बरोबर सांगता तो," चंद्रप्रकाश म्हणाले. "डोक्या थयच असाक होया."

अक्षता पुढे झाली, नितेशला खुर्चीवरून उठवलं आणि ते हवेतले ठिपके एकेक करून काढून टाकले. मग स्वतः ठेवायला लागली. तिने आयुष्यात वडिलांना बनियनशिवाय बघितलं नव्हतं. आता ती त्यांची पाठ फिरवून फिरवून बघत होती. पाठीच्या कण्याची उंचवट्यांची माळ, बाहेर आलेल्या बरगड्या, पोटाला पडलेली खोल घडी. खालचा मणका, त्याच्यावरचा, त्याच्यावरचा. एक ठिपका दोनदा ठेवावा लागला. खरं तर तिथे सांधा उरलेला नव्हता हे तिला माहीत होतं. पण जागा रिकामी सोडता येत नसे.

काम झाल्यावर नितेश म्हणाला, "काका, एक गंमत दाखवू?"

अक्षताच्या ध्यानात येईपर्यंत त्याने माऊस हातात घेतला होता. कमरेचा ठिपका धरून त्याने थोडा फिरवला. मग वरचा. मग मानेचा. स्क्रीनवरचा म्हातारा हळूहळू उठायला लागला. पोटाची कातडी ताणली गेली, गळ्याजवळ फाटल्यासारखी झाली. नितेशने मॉडेल फिरवून ती बाजू मागे नेली. आता एका बाजूने नुसता एक उंच माणूस दिसत होता. खांदे मागे, मान ताठ, नजर समोर.

"आयला," आकाश म्हणाला, "काका किती उंच आहेत!"

चंद्रप्रकाश डोळे वर चढवून बघत राहिले, इतके की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते रडत होते की ताण पडला होता ते अक्षताला कळलं नाही.

"ह्यो धोंडूदादा," ते शेवटी म्हणाले. "सरळ धोंडूदादा दिसता."

धोंडू त्यांचा मोठा भाऊ, गावी वारलेला. म्हातारपणी आपण सरळ उभे राहिलो असतो तर कसे दिसलो असतो, हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं.

"ह्याचो फोटो दी माका," ते नितेशला म्हणाले. नितेशने लगेच पाठवला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

घरी गेल्यावर त्यांनी फोन रत्नप्रभासमोर धरला. तिने हात पुसून चष्मा लावला, बघितलं.

"ह्यो कोण?"

"मी."

"ह्यो तुमी नाय," ती म्हणाली आणि फोन परत देऊन कढीतलं मीठ बघायला आत गेली.

त्यानंतर ते होल्डर जोडता जोडता थांबायचे, फोन काढून बघायचे, परत ठेवायचे. आठवडाभराने अक्षताला कळलं की ते एकटेच बसने हॉस्पिटलात जाऊन आले. तिथल्या मणक्याच्या डॉक्टरांना त्यांनी फोनमधला फोटो दाखवला होता आणि विचारलं होतं, "असा होईत?" डॉक्टरांनी घरच्यांना घेऊन यायला सांगितलं.

दुसऱ्या वेळी अक्षता सोबत गेली. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे.

"हे कॉम्प्युटरात झालं, कारण तुमच्या मुलीने आत सांधे ठेवले," ते म्हणाले. "तुमच्या पाठीत सांधे उरलेलेच नाहीत काका. सगळं मिळून एक हाड झालंय."

"मगे तुमी एक सांधो करा."

"सांधा नाही करता येत. हाड कापायचं, थोडं सरळ करायचं आणि स्क्रू लावून तिथेच कायमचं बसवायचं. या फोटोइतकं सरळ तर नाहीच."

"समोरचा दिसात?"

"समोरचं दिसेल. पण तुमचं वय बघा, छाती बघा. पायांच्या नसा त्याच जागेतून जातात. धक्का बसला तर पाय जाऊ शकतात. मी तुमच्या जागी असतो तर दहादा विचार केला असता."

"दहादा केलंय," चंद्रप्रकाश म्हणाले.

घरात आठवडाभर भांडण चाललं. रत्नप्रभा जेवायची नाही. "तुमचे पाय तरी धड आहत. बाजारात जातात, खाली बसतात. ते पण घालवायचे हत?" एका रात्री अक्षताने त्यांना वेगळं गाठलं.

"पप्पा, तो फोटो खोटा आहे. मी रोज हेच करते ना, मला विचारा. ठिपका पकडून फिरवला की कोणी पण उभा राहतो. मेलेला पण राहील."

"माका म्हायत हा. मी काय येडो नाय."

"मग कशाला?"

ते काही वेळ जमिनीकडे बघत बसले, म्हणजे नेहमीसारखेच बसले. मग म्हणाले, "अक्षू, माणूस मेल्यार त्येका उताणो निजवतत. माका कसा निजवतलास? कुशीर? काय मोडून सरळ करतलास?"

इतकी वर्षं हा माणूस ह्याचा विचार करत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. त्या रात्रीनंतर तिने अडवलं नाही. रत्नप्रभानेही शेवटी हॉस्पिटलची पिशवी भरली. त्यात तिने त्यांचा नवीन, न वापरलेला टॉवेल ठेवला.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दिवस कलेपर्यंत चाललं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा म्हणाले, पाठ चांगली सरळ झाली, आता शुद्धीवर येऊ दे. शुद्धीवर आल्यावर त्यांनी चंद्रप्रकाशना पायाची बोटं हलवायला सांगितली. बोटं हलली नाहीत. पुन्हा सांगितलं. चंद्रप्रकाश म्हणाले, "हलवतंय ना." त्यांना वाटत होतं ते हलवतायत.

त्यांना पुन्हा आत नेलं. आत रक्ताची गुठळी साचली होती, ती काढली. डाव्या मांडीला थोडी जाणीव आली. डॉक्टर रोज येऊन पिनेने टोचून बघायचे, सांगायचे, वाट बघू, वेळ लागतो कधी कधी. काही दिवसांनी ते वेळेबद्दल बोलायचे बंद झाले.

वॉर्डात आणल्यावर पहिल्यांदा पलंगाची डोक्याची बाजू थोडी उचलली, तेव्हा रत्नप्रभा पायथ्याशी उभी होती. उभीच होती, जमिनीवर बसलेली नव्हती. चंद्रप्रकाशनी डोळे न चढवता, मान न वळवता तिच्याकडे बघितलं. बघतच राहिले. तिला काय करावं सुचेना. तिने पदर सारखा केला.

"तू म्हातारी झालंस गो," ते म्हणाले.

ती हसली. "तुमी काय बाळ आसात?" म्हणाली. आणि मग तोंडाला पदर लावून वॉर्डाच्या बाहेर गेली, ती बराच वेळ आली नाही. अक्षताला ती जिन्यात भिंतीला टेकून बसलेली सापडली.

घरी आणल्यावर पहिले महिनाभर माणसं येत होती. दारातून आत येताना प्रत्येक जण म्हणायचा, "अरे वा घाडी, एकदम ताठ!" आणि मग त्याची नजर चादरीखालच्या पायांवर जायची आणि तो खुर्ची शोधायला लागायचा. चंद्रप्रकाश प्रत्येकाला निरखून बघायचे. शेजारचे कुंडलिकराव त्यांना इतकी वर्षं आवाजाने माहीत. त्यांच्या कपाळावर जखमेचा मोठा व्रण आहे हे त्यांनी आता बघितलं. "ह्या कधी लागला?" म्हणून विचारलं. कुंडलिकराव म्हणाले, लहानपणी.

त्या दिवसांत ते खूश होते असं अक्षताला वाटायचं. नळी, पिशवी, कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर, हे सगळं आईने अंगावर घेतलं होतं. मदत करायला अक्षता गेली की ती म्हणायची, तू जा ऑफिसला. एकदाच, त्यांना उचलून खुर्चीत बसवताना हात निसटला तेव्हा रत्नप्रभा तिच्याकडे बघून म्हणाली, "तूच नेलंस त्येंका थय." पुन्हा कधी म्हणाली नाही. एकदा म्हटलेलं पुरेसं होतं.

माणसं यायची हळूहळू थांबली. लिफ्ट सारखी बंद असायची, त्यामुळे खाली नेणंही थांबलं. चंद्रप्रकाश बोलायचे कमी झाले. होल्डरचं काम करून बघितलं, पण आता खाली बघता येत नव्हतं; पाठ वाकत नव्हती, आणि मांडीवरच्या ट्रेमध्ये काय आहे ते दिसत नव्हतं. पितळेचे तुकडे सांडले की रत्नप्रभा गोळा करायची. मग तिने तो ट्रे माळ्यावर टाकला.

ऑफिसात अक्षताने नितेशला विचारलं, "पप्पांचं मॉडेल काढून टाकता येईल?"

नितेश तिच्याशी अलीकडे नजर मिळवून बोलत नव्हता. "इथून काढतो मी. पण क्लायंटला गेलंय गं ते. प्रोग्रॅम शिकलाय त्याच्यावर. शिकलेलं परत कसं काढणार?"

त्याने उघडून दाखवलं. कुठल्याशा दुसऱ्या देशातली एक पोक आलेली बाई स्क्रीनवर होती. प्रोग्रॅमने तिच्या पाठीतले ठिपके वाकलेल्या पाठीबरोबर वाकवत नेले होते, मान बरोबर, डोकं बरोबर. एकही हवेत गेला नव्हता.

"चांगलं आहे," अक्षता म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

प्रोग्रॅम चांगला चालायला लागल्यावर ठिपके ठेवणारी माणसं कमी केली. सेलिना गेली. जाताना अक्षताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझी काही चूक नाही गं. ऐकते ना?" अक्षता मान हलवून हो म्हणाली. तिला तपासणीवर ठेवलं. प्रोग्रॅमने शोधलेले सांधे बरोबर आहेत का ते बघायचं. बहुतेक बरोबर असायचे.

एके दिवशी दुपारी सुट्टीवर असताना ती वडिलांजवळ बसली होती. ते म्हणाले, "तो फोनातलो फोटो काढून टाक."

"का?"

"थय माझे पाय दिसतत."

तिने काढून टाकला. आईने स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि आत गेली.

व्यायाम करून घ्यायला रेवती नावाची फिजिओथेरपिस्ट मुलुंडहून यायची. तिने घरच्यांना शिकवलं. एक हात टाचेखाली, एक हात गुडघ्याखाली. पाय पोटाकडे न्यायचा, बाहेर फिरवायचा, सरळ करायचा. मग घोटा. "न हलवलेला सांधा आखडतो," ती म्हणाली. "डावा घोटा आखडायला लागलाय. पाय चालणार नाहीत, ते मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण आखडले तर खुर्चीत बसवणं पण कठीण होईल. रोज करा."

रत्नप्रभाच्या मनगटांत आता तेवढा जोर राहिला नव्हता. म्हणून सकाळी ऑफिसला निघायच्या आधी हे काम अक्षता करते. खुबा हाताला कसा लागतो, हे तिला ह्याच कामात कळलं. मांडी उचलून फिरवली की खोल आत काहीतरी जड गोल वळतं आणि तळहाताला जाणवतं. चंद्रप्रकाश छताकडे बघत पडलेले असतात. पंख्याच्या पात्याला धूळ धरली आहे, ती पुसायची राहून जाते.

परवा डावा घोटा तिने नेहमीपेक्षा जरा जास्त वाकवला. तो एका जागी अडला. तिने जोर लावला.

"दुखतंय का पप्पा?"

"दुखला असता तर बरां झाला असता," ते म्हणाले.

ती थांबली नाही. घोटा जिथे अडला होता तिथे तसाच धरून ठेवला, रेवतीने सांगितलं होतं तितका वेळ. मग पाय खाली ठेवला, चादर गुडघ्यापर्यंत ओढली आणि उजवा पाय हातात घेतला. आत रत्नप्रभाने डबा भरून त्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "आवारला काय गो? उशीर होतलो तुका."

"अजून एक पाय आहे," अक्षता म्हणाली.